निर्वासिताची व्याख्या आणि आश्रयाचा हक्क : एक चिकित्सा

महाभारताच्या वनपर्वातील शिबिराजाची कथा आपल्याकडे सर्वपरिचित आहे. ससाण्याच्या भयाने एक पारवा राजाच्या मांडीवर येऊन बसतो. ससाणा आपले भक्ष्य परत मागतो. आणि शरणागताला परत देणे अधर्म्य मानून राजा पारव्याच्या भाराइतके स्वतःचे मांस तराजूत घालतो. निर्वासितांविषयीच्या चर्चेत या कथेचा उल्लेख होतो तो बहुधा आपल्या परंपरेच्या औदार्याचा पुरावा म्हणून. कायद्याच्या अभ्यासकाने मात्र ती किंचित निराळ्या दृष्टीने वाचावयास हवी. कथेत धर्म आहे तो राजाचा. पारव्याला हक्क असा काहीच नाही. शिबीच्या ठिकाणी दुसरा कोणी राजा असता, तर पारव्याला दाद मागावयास जागा नव्हती. या स्थितीत आधुनिक आंतरराष्ट्रीय कायद्याने कितपत पालट घडविला, हे १९५१ च्या निर्वासितविषयक कराराच्या आधारे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१

हा करार जिनीव्हा येथे २८ जुलै १९५१ रोजी संमत झाला आणि २२ एप्रिल १९५४ पासून अमलात आला. त्याचे मोल ठरविताना त्यापूर्वीची पद्धत ध्यानात घेणे अवश्य आहे. १९२१ मध्ये राष्ट्रसंघाने फ्रिट्यॉफ नान्सेन यांना निर्वासितांचे उच्चायुक्त नेमले. त्यांच्या नावाने ओळखले जाणारे प्रवासपत्र १९२२ मध्ये प्रथम रशियन निर्वासितांसाठी व १९२४ मध्ये आर्मेनियनांसाठी सुरू झाले. ही पद्धत समूहावर आधारलेली होती. अर्जदार अमुक समूहाचा आहे आणि त्याला स्वदेशाचे संरक्षण उरलेले नाही, एवढे सिद्ध झाले की काम भागे. त्याच्या मनातील भयाची उलटतपासणी कोणी करीत नसे. हा तिचा गुण होता. परंतु प्रत्येक नव्या संकटासाठी नवा ठराव करावा लागे, आणि ज्यांच्यासाठी ठराव झाला नाही ते उघड्यावर पडत, हा तिचा दोष होता.

१९३८ च्या जुलैमध्ये एव्हियाँ येथे ३२ राष्ट्रांचे प्रतिनिधी जर्मनी व ऑस्ट्रियातील ज्यूंचा विचार करण्यासाठी जमले. सहानुभूतीची भाषणे झाली, दरवाजे मात्र जवळजवळ सर्वांनी बंदच ठेवले. पुढील वर्षी ‘सेंट लुई’ हे जहाज ९३७ प्रवासी घेऊन क्यूबाकडे गेले. तेथे मोजक्यांनाच उतरू दिले गेले, अमेरिकेनेही थारा दिला नाही आणि जहाज युरोपात परतले. त्या प्रवाशांपैकी २५४ जण पुढे ज्यूंच्या संहारात बळी पडले. १९५१ च्या कराराच्या मागे ही लज्जा उभी आहे, हे त्याच्या टीकाकारानेही विसरता कामा नये.

२

कराराच्या पहिल्या कलमाप्रमाणे, वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचे सदस्यत्व किंवा राजकीय मत यांपैकी एखाद्या कारणाने छळ होईल असे साधार भय वाटल्यामुळे जो स्वदेशाबाहेर आहे आणि त्या देशाचे संरक्षण घेण्यास असमर्थ किंवा त्या भयामुळे अनिच्छुक आहे, तो निर्वासित होय. मूळ व्याख्येला १ जानेवारी १९५१ पूर्वीच्या घटनांची कालमर्यादा होती, आणि ती केवळ युरोपातील घटनांपुरती मानण्याची मुभाही राष्ट्रांना होती. १९६७ च्या पूरक कराराने कालमर्यादा काढून टाकली.

या व्याख्येतील सर्वांत धाडसी शब्द ‘भय’ हा आहे. सामान्यतः कायदा झालेल्या इजेची भरपाई करतो; येथे तो न झालेल्या इजेची दखल घेतो. ‘अनिच्छुक’ हा शब्दही तितकाच महत्त्वाचा आहे. त्याचा अर्थ समजण्यासाठी आपल्याला दूर जावयास नको. सोव्हिएट संघराज्यात हद्दपार झालेले सुमारे पाच हजार पोलिश नागरिक इराणमार्गे येऊन १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथील छावणीत राहिले. युद्ध संपले, पोलंड नकाशावर परत आला. परंतु तेथील नव्या राजवटीकडे जाण्यास त्यांच्यापैकी पुष्कळ जण तयार नव्हते. देश आहे, पण त्याच्या आश्रयाला जाववत नाही, अशी ही अवस्था आहे. ‘अनिच्छुक’ या एका शब्दाने करार तिला मान्यता देतो.

तथापि याच व्याख्येत तिच्या मर्यादाही आहेत. भय ‘साधार’ असावे म्हणजे किती आधाराचे असावे? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये असे स्पष्ट केले की, छळाची शक्यता निम्म्याहून अधिक असलीच पाहिजे असे नाही. दहांत एक एवढी शक्यताही पुरेशी ठरू शकते. हा निर्णय उदार आहे, पण सर्व राष्ट्रांना बांधील असा अर्थ लावणारे न्यायपीठ प्रत्यक्षात कार्यरत नाही. अडतिसाव्या कलमाने आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे जाण्याची वाट ठेवली आहे खरी, परंतु ती राष्ट्रांसाठी आहे, निर्वासितासाठी नाही. पाच कारणांच्या यादीविषयी मात्र नेहमी होणारी कठोर टीका मला सर्वस्वी मान्य नाही. ‘विशिष्ट सामाजिक गट’ हे शब्द स्वीडनच्या सूचनेवरून ऐनवेळी घातले गेले. त्यांच्याच आधारे १९९९ मध्ये ब्रिटनच्या उमरावसभेने पाकिस्तानातून आलेल्या दोन निराधार स्त्रियांना संरक्षण मिळवून दिले. यादी वाटते तितकी ताठर नाही.

खरी उणीव निराळी आहे. ही व्याख्या निवडून छळल्या जाणाऱ्या व्यक्तीला ओळखते. बाँबवर्षावाखालून पळणाऱ्या जमावाला ती सहजी ओळखत नाही. आफ्रिकी राष्ट्रांनी १९६९ च्या आदिस अबाबा करारात परकीय आक्रमण, परसत्ता आणि सार्वजनिक सुव्यवस्थेचा गंभीर भंग ही कारणे जोडून, आणि लॅटिन अमेरिकी प्रतिनिधींनी १९८४ च्या कार्ताहेना जाहीरनाम्यात तशीच भर घालून, ही उणीव आपापल्या प्रदेशापुरती दूर केली. मराठी वाचकाला यात एक विशेष लक्षात येईल. ‘निर्वासित’ हा शब्द आपल्या तोंडी रुळला तो बहुतांशी १९४७ नंतर सिंध-पंजाबातून आलेल्या लोकांमुळे; कल्याणजवळच्या त्यांच्या छावणीतूनच १९४९ मध्ये उल्हासनगर उभे राहिले. परंतु या लोकांना नव्या राज्याचे नागरिकत्व आणि संरक्षण मिळाले असल्याने कराराच्या अर्थाने ते निर्वासित ठरतच नाहीत. ज्यांच्यावरून आपण हा शब्द शिकलो, तेच त्याच्या कायदेशीर अर्थाबाहेर राहतात.

३

कराराचा प्राण म्हणून तेहतिसाव्या कलमाचा गौरव केला जातो. जेथे जीविताला किंवा स्वातंत्र्याला धोका आहे, अशा प्रदेशाच्या सीमेकडे निर्वासिताला कोणत्याही प्रकारे परत पाठवू नये, असे ते सांगते. या कलमाला राखीव अट जोडण्याची मुभाही नाही. हा गौरव योग्यच आहे. परंतु ‘परत पाठवू नका’ म्हणणे आणि ‘आत घ्या’ म्हणणे यांत अंतर आहे, आणि दुसरे विधान करारात कोठेही नाही. हे अंतर नजरचुकीने राहिलेले नाही. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यात आश्रय मागण्याचा व तो दिला जाण्याचा हक्क होता. अखेरच्या चौदाव्या कलमात तो मागण्याचा व ‘उपभोगण्याचा’ हक्क झाला. देणाऱ्याचे कर्तव्य एका क्रियापदाच्या बदलाने नाहीसे झाले. प्रादेशिक आश्रयावर बंधनकारक करार करण्यासाठी १९७७ मध्ये भरलेली परिषदही निष्फळ ठरली.

याचे परिणाम सैद्धान्तिक नाहीत. जे बंधन दारात लागू होते, ते टाळण्याचा सोपा उपाय म्हणजे पाहुण्याला दारापर्यंत येऊच न देणे. हैतीहून नावांतून येणाऱ्या लोकांना अमेरिकेने भर समुद्रात अडवून परत धाडले, तेव्हा १९९३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मताने असे ठरविले की, तेहतिसावे कलम राष्ट्राच्या सीमेबाहेर लागू होत नाही. एकटे न्यायमूर्ती ब्लॅकमन यांनी भिन्न मत नोंदविले. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २०१२ मध्ये इटलीविरुद्धच्या खटल्यात, युरोपीय मानवाधिकार कराराच्या आधारे, समुद्रातून लिबियाकडे केलेली पाठवणी अवैध ठरविली. दोन न्यायालयांतील हा विरोध केवळ न्यायाधीशांच्या स्वभावभेदाचा नव्हे. एका ठिकाणी आधार मूळ निर्वासित-कराराच्या शब्दांचा होता, दुसऱ्या ठिकाणी व्यापक मानवी हक्कांचा.

यावर असे उत्तर दिले जाते की, प्रवेश देण्याचे कर्तव्य लिहिले असते तर करारावर कोणी सही केली नसती. आज जवळजवळ दीडशे राष्ट्रे त्याला किंवा पूरक कराराला बांधील आहेत, हे या संयमाचेच फळ आहे. हे उत्तर मी खरे मानतो, परंतु ते अपुरे आहे. कारण या संयमाची किंमत सर्व राष्ट्रे सारखी मोजीत नाहीत. आश्रय देणे काही देशांवर अवाजवी भार टाकू शकते, ही कबुली कराराच्या केवळ प्रास्ताविकात आहे. भार वाटून घेण्याचे कलम एकही नाही. २०१८ चा निर्वासितविषयक जागतिक संकल्पही बंधनकारक नाही. परिणामी आज जगातील सुमारे दोन तृतीयांश निर्वासित आपल्या देशाच्या शेजारच्या देशांतच आहेत. शिबीने स्वतःचे मांस तोलले. येथे तराजू ज्याच्या अंगणात, मांसही त्याचेच.

४

भारताला या भाराचा अनुभव आहे. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी लोक भारतात आले. करारात भारवाटपाची तरतूद नाही, हा आक्षेप घेण्याचा अधिकार अशा देशाला निःसंशय पोहोचतो. परंतु या आक्षेपावरून करारापासून दूर राहण्याचा निष्कर्ष निघतो काय? वर पाहिल्याप्रमाणे करार प्रवेशाची सक्ती करीतच नाही; आणि सही न केल्याने १९७१ चा भार एका माणसानेही हलका झाला नाही.

दूर राहण्याचा परिणाम असा की, भारतात निर्वासितासाठी स्वतंत्र कायदा नाही. १९४६ चा परकीयांविषयीचा कायदा आणि त्याच्या जागी आलेला २०२५ चा कायदा, दोन्ही ‘परकीय’ ही एकच कोटी ओळखतात. त्यामुळे तिबेटी, श्रीलंकेतील तमिळ, चकमा आणि रोहिंग्या यांची वाट शासनाच्या त्या त्या वेळच्या धोरणाने निरनिराळी ठरते. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्तीने तीन देशांतून २०१४ अखेरपर्यंत आलेल्या सहा धर्मांच्या लोकांना नागरिकत्वाची वाट दिली. तिचे राजकीय मूल्यमापन कोणी कसेही करो, पद्धतीच्या दृष्टीने ती समूह व तारीख यांवर आधारलेली, म्हणजे १९५१ पूर्वीची आहे. व्यक्तीच्या भयाचा विचार तिच्यात नाही.

ही पोकळी न्यायालयांनी अंशतः भरली. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संविधानाच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताचे रक्षण नागरिकेतरांनाही आहे असे सांगून चकमांच्या संरक्षणाचा आदेश अरुणाचल प्रदेशाला दिला. २०२१ च्या अंतरिम आदेशात मात्र, विहित कार्यपद्धती पाळल्यास जम्मूतील रोहिंग्यांना परत पाठविता येईल, अशी भूमिका त्याने घेतली. पद्धत पाळली की नाही एवढेच पाहावयाचे, आणि पुढे काय वाढून ठेवले आहे हे पाहावयाचे नाही, असा या आदेशाचा अर्थ होत असेल, तर ‘साधार भय’ या शब्दांना आपल्या कायद्यात जागा उरत नाही.

सारांश, १९५१ च्या कराराने पारव्याला अर्धा हक्क दिला: मांडीवर येऊन बसला तर त्याला ससाण्याच्या स्वाधीन करता येणार नाही. मांडीपर्यंत पोहोचण्याचा हक्क त्याला मिळाला नाही, आणि मांसाचा भार कोणी सोसावा हेही ठरले नाही. ही टीका करार टाकून देण्यासाठी नव्हे. भारताने आपले आक्षेप बाहेर राहून मांडण्याऐवजी, किमान परत न पाठविण्याचे तत्त्व व भयाच्या चौकशीची रीत स्वतःच्या कायद्यात लिहून, मग इतरांकडे भाराचा वाटा मागावा, हे अधिक सुसंगत होईल. शिबीची कथा सांगणाऱ्या देशाकडून एवढी अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.