अंगावर काढण्याचें साहित्य

"दुखणें अंगावर काढणें" हा वाक्प्रचार मराठींत इतका रुळलेला आहे कीं, त्यांत प्रशंसा आहे कीं निंदा, हें बोलणाऱ्याच्या स्वरावरूनच ओळखावें लागतें. पुरुषानें दुखणें अंगावर काढलें तर तो हेकट किंवा निष्काळजी ठरतो. घरच्या बाईनें काढलें तर ती सोशीक ठरते. एकाच कृतीचीं हीं दोन मोलें आपल्या भाषेंत कशीं रुजलीं, आणि तीं टिकविण्यास आपल्या वाङ्मयानें किती हातभार लावला, याचा विचार आरोग्याच्या पुस्तकांत सहसा होत नाहीं आणि टीकालेखांतही होत नाहीं. चाळिशी ओलांडलेल्या स्त्रीच्या प्रकृतीविषयीं मराठींत आज पुष्कळ छापलें जातें. वर्तमानपत्रांच्या पुरवण्या, दिवाळी अंक, वैद्य-डॉक्टरांचीं पुस्तकें यांतून हा विषय वारंवार येतो. या लिखाणास साहित्य म्हणावें कीं नाहीं हा वाद बाजूस ठेवूं. घरोघरीं तें वाचलें जातें आणि माणसें त्यावर विसंबून वागतात, एवढ्यावरूनच तें टीकेस पात्र ठरतें.

आपल्या घरगुती वैद्यकाची लाडकी प्रतिमा म्हणजे आजीबाईचा बटवा. हा बटवा सोडून पाहिला तर त्यांत तान्ह्या मुलाच्या घुटीसाठीं वेखंड, जायफळ, मुरडशेंग आणि हळकुंड सांपडतें. बाळंतिणीसाठीं काढ्याचें सामान, बाळंतशेपा, डिंक आणि अळीव सांपडतात. मुलांच्या खोकल्यासाठीं ज्येष्ठमध असतो. बटवा जिच्या कनवटीला आहे तिच्या स्वतःच्या उतरत्या वयासाठीं मात्र त्यांत फारसें कांहीं नसतें. याचें मूळ जुनें आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत, स्त्रीचें रज बाराव्या वर्षाच्या सुमारास सुरू होतें आणि पन्नाशीस क्षय पावतें, असें स्वच्छ सांगितलें आहे. आजच्या वैद्यकासही तें निरीक्षण फारसें बदलावें लागत नाहीं. बहुतेक स्त्रियांची पाळी पंचेचाळीस ते पंचावन्न या वयांत थांबते. परंतु गर्भिणीनें काय खावें, सूतिकेस कसें जपावें हें विस्तारानें सांगणारा हा ग्रंथ निवृत्तीचें वय सांगून पुढें जातो. ज्या शरीरापासून अपत्याची अपेक्षा उरली नाहीं, त्याची स्वतंत्र चर्या सांगण्याचें कारण त्या काळास दिसलें नसावें. प्राचीनांविषयीं यांत नवल करण्याजोगें कांहीं नाहीं. छापखाना आल्यानंतरही तीच दृष्टि टिकून राहिली, याचें मात्र नवल वाटतें.

येथें एका गोष्टीची नोंद केली पाहिजे. आपल्या घरांतून पाळी जाण्याला केवळ दुःखाचाच रंग कधीं नव्हता. महिन्यांतून तीन-चार दिवस बाहेर बसणें, शिवाशीव, पुन्हा दिवस राहण्याचें भय, या साऱ्यांतून बाई सुटत असे. देवघर आणि स्वैपाकघर तिला अखंड मोकळें होई. "सुटलें एकदांचें" हा तिचा उद्गार अगदीं मनापासूनचा होता. परंतु या सुटकेच्या भावनेनेंच एक घात केला. या वयांत अंगास जें होई, म्हणजे एकाएकीं अंगांतून वाफा निघणें, रात्रीं घामानें डवरून जाग येणें, जीव घाबरा होणें, तें सांगण्याजोगें उरलें नाहीं. सुटलेल्या माणसानें तक्रार ती कशाची करावी? पुढें पुस्तकांतून "रजोनिवृत्ति" हा शब्द रूढ झाला, तोही निवृत्तीच्या भाषेंतला. वस्तुतः निवृत्त व्हावयाचें तें रज. बाईस तर अजून वीस-तीस वर्षें, कधीं त्याहूनही अधिक, जगावयाचें असतें.

या दृष्टीनें आपल्या स्त्रियांचीं आत्मचरित्रें पुन्हा वाचून पाहावींत. रमाबाई रानडे यांचें "आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी" हें पुस्तक १९१० सालीं प्रसिद्ध झालें. त्यांतील कथन न्यायमूर्तींच्या मृत्यूपाशीं, म्हणजे १९०१ सालीं थांबतें. त्या वेळीं रमाबाई चाळिशीच्या आंत होत्या, आणि पुढें त्या १९२४ पर्यंत जगल्या. पुण्याचें सेवासदन, परिचारिकांचें शिक्षण, स्त्रियांच्या मताधिकाराची चळवळ, हें सारें आयुष्याच्या या उत्तरार्धांतलें. नांवांतील "आमच्या" या शब्दानें पुस्तकाची मर्यादा आधींच आंखून दिली आहे, आणि त्या मर्यादेंत तें अमोल आहे. परंतु त्यामुळें मराठी वाचकाच्या मनांत रमाबाई बालवधू म्हणूनच राहिल्या. पन्नाशीची, संस्था चालविणारी बाई सहसा कोणाच्या डोळ्यांपुढें येत नाहीं. पार्वतीबाई आठवले हिंगण्याच्या आश्रमासाठीं निधि गोळा करावयास १९१८ सालीं अमेरिकेस गेल्या, तेव्हां त्यांचें वय अठ्ठेचाळिसाच्या आसपास होतें. परक्या देशांत लोकांच्या घरीं कामें करून त्यांनीं दिवस काढले आणि मग १९२८ सालीं "माझी कहाणी" लिहिली. लक्ष्मीबाई टिळकांचीं "स्मृतिचित्रें" १९३४ पासून पुस्तकरूपानें येऊं लागलीं, त्या वेळीं त्यांची पासष्टी उलटली होती. वडिलांच्या सोंवळ्याखालीं दडपलेलें बालपण, टिळकांच्या लहरी, घरांतील चणचण, हें सारें त्या हंसत हंसत सांगतात. टिळकांच्या पश्चात् त्यांचें अपुरें "ख्रिस्तायन" त्यांनींच पुरें केलें.

या तिघींचीं उत्तरायुष्यें पाहिलीं म्हणजे उतरत्या वयांत बाई काय करूं शकते हें कळतें. परंतु त्यासाठीं लागणारें बळ त्यांनीं कसें राखलें, कोणतें दुखणें कसें निभावलें, शरीरांतील हा पालट त्यांना कसा जाणवला, याला स्वतंत्र प्रकरणाचें मोल मिळालेलें नाहीं. हा दोष त्यांच्या माथीं मारतां येत नाहीं. शरीराविषयीं लिहावयाचें नसतें असा त्या काळचा शिष्टाचार होता, आणि तो त्यांनीं घालून दिलेला नव्हता.

कथा-कादंबऱ्यांची तऱ्हाही बहुधा अशीच. नायिका विशींतल्या, चाळिशीपुढची बाई म्हणजे सासू, आत्या किंवा मावशी, कथानकाची सोय म्हणून आलेली. आणि जेथें आईचें आजारपण कथेच्या मध्यभागीं येतें, तेथें तें भक्तीचा विषय होतें. मग ती आई वयानें तरुण असो कीं प्रौढ. साने गुरुजींची "श्यामची आई" (१९३५) हें याचें सर्वांत थोर, आणि म्हणूनच सर्वांत विचार करण्याजोगें उदाहरण आहे. दारिद्र्यानें आणि तापानें पोखरलेली ती माउली काम सोडीत नाहीं. गरिबींत एक जीव कसा झिजतो हें गुरुजींनीं लपविलें नाहीं. चूक झाली ती आपणां वाचकांची. आपण त्या झिजण्यालाच आदर्श मानून बसलों. हें पुस्तक वाचून ज्यांनीं डोळे पुसले अशा किती घरांत त्या रात्रीं आई सर्वांबरोबर पानावर बसली असेल? सर्वांच्या मागून उरलेंसुरलें खाणें याला आपण संस्कार म्हणतों. वर्षानुवर्षें तसें जेवणाऱ्या बाईच्या अंगांत रक्त आणि प्रथिनें कमी पडतात, एवढाच त्याचा शरीरास समजणारा अर्थ आहे.

या मौनाच्या उलट टोकाला पाश्चात्त्य देशांतून आलेलें बोलकें लिखाण आहे. आपल्याकडील आरोग्यलेखांवरही त्याची छाया पडते, म्हणून त्याची परीक्षा येथें अवश्य आहे. अमेरिकेंत काम करणारे डॉ. रॉबर्ट विल्सन यांचें "फेमिनिन फॉरएव्हर" हें पुस्तक १९६६ सालीं निघालें. पाळी जाणें हा उणिवेचा रोग आहे, आणि इस्ट्रोजेन घेत राहिल्यास बाईचें बाईपण कायम राहतें, असा त्याचा सूर होता. पुस्तकही खपलें आणि गोळ्याही खपल्या. पुढें त्याच देशांत १६,६०८ स्त्रियांवर दोन संप्रेरकांच्या मिश्रणाचा मोठा प्रयोग झाला, आणि जुलै २००२ मध्यें तो मुदतीपूर्वींच थांबविण्यांत आला. दर दहा हजार स्त्रियांमागें वर्षाला स्तनाच्या कर्करोगाचे सुमारें आठ रुग्ण अधिक आढळले. उलट खुब्याचें हाड मोडण्याचे प्रसंग पांचानें कमी झाले. लागलीच, संप्रेरकें म्हणजे विष, असा दुसऱ्या टोकाचा सूर उमटला. दोन्ही टोकांच्या लेखकांनीं एक साधी गोष्ट लक्षांत घेतली नाहीं, ती म्हणजे वय. प्रयोगांतील स्त्रिया पन्नास ते एकुणऐंशी वर्षांच्या होत्या आणि त्यांचें सरासरी वय त्रेसष्ट होतें. पाळी नुकतीच गेलेल्या आणि त्रासानें बेजार झालेल्या पन्नाशीच्या बाईचा प्रश्न त्याहून निराळा आहे. साठीच्या आंत, किंवा पाळी जाऊन दहा वर्षें झालीं नसतां, ज्यांना स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळ्या असे विकार झालेले नाहींत, अशा बहुतेक त्रस्त स्त्रियांना या उपचाराचा लाभ धोक्याहून अधिक असतो, असें आज मानलें जातें. अर्थात् तो निर्णय जाणत्या डॉक्टरांपाशीं बसूनच करावयाचा.

तिसरा सूर खास आपला आहे. "जातें गेलें आणि बायकांचें आरोग्य गेलें" हें वाक्य या ना त्या रूपानें अनेक लेखांत भेटतें. त्यांत सत्याचा अंश आहे. हाडांवर आणि स्नायूंवर भार पडला तरच तीं बळकट राहतात. परंतु जात्यावरच्या ओव्या ज्यांनीं कान देऊन ऐकल्या आहेत, त्यांना पहाटेच्या त्या कष्टाला व्यायाम म्हणवणार नाहीं. व्यायाम माणूस स्वतःसाठीं करतो आणि थकला म्हणजे थांबतो. दळणाऱ्या बाईला पीठ पुरें झाल्याशिवाय थांबतां येत नसे. बाईनें स्वतःच्या नांवानें रोजचा अर्धा तास राखून ठेवणें ही जुनी रीत नव्हे. ती नवी आहे, आणि नवी म्हणूनच ती मागून घ्यावी लागेल.

मग या विषयावरचें चांगलें लिखाण कोणतें? आमच्या मतें, जें वाचून बाईला आपलें दुखणें सांगण्यास शब्द मिळतात, तें. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसलें, थेंबभर कां असेना, तर तपासणी लांबणीवर टाकूं नये, हें वाक्य त्यांत आडपडद्याशिवाय असावें. इस्ट्रोजेन घटल्यावर पहिल्या कांहीं वर्षांत हाडें वेगानें विरळ होतात, आणि म्हणून या वयांत रोज १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतें. शंभर ग्रॅम नाचणींत तें सुमारें साडेतीनशें असतें, बाकीचें दूध, दही, तीळ यांतून जोडावें लागतें, असा हिशेब त्यानें मांडावा. चालण्याबरोबर थोडें वजन उचलण्यासही सांगावें. बाईच्या हृदयविकारांत छातींत कळ न येतां नुसती धाप किंवा अवेळीं गळाठा येऊं शकतो, आणि तिला "पित्त झालें" म्हणून निजवणें महागांत पडतें, हें त्यानें घरांतील पुरुषांनाही ऐकवावें. रक्तदाब, साखर आणि गर्भाशयमुखाची चाचणी यांची आठवण द्यावी. खोकतांना, हंसतांना लघवी सुटणें ही शरमेची गोष्ट नसून ओटीपोटाखालच्या स्नायूंच्या व्यायामानें पुष्कळदां आटोक्यांत येणारी तक्रार आहे, हेंही त्यानें लिहावें. मुंबई-पुण्याच्या बैठकींतही ही गोष्ट अजून दबक्या आवाजांत बोलली जाते.

हें सारें सांगणारीं पुस्तकें मराठींत नाहींत असें नव्हे. परंतु माहिती पोंचते आणि वागणूक तशीच राहते, याचें कारण आपल्या आवडत्या कथांत आहे. आई म्हणजे सोसणारी, हें ज्या घरानें लहानपणींच पाठ केलें, त्या घरांत आरोग्याचा लेख कितीही बिनचूक असला तरी पुरवणीबरोबर रद्दींत जातो. म्हणून ललित लेखकांकडे आमचें एक मागणें आहे. साठीची एखादी बाई कथेच्या मध्यभागीं आणावी. तिला भूक असावी, झोप असावी, गुडघेदुखी असावी, आणि गुडघा दुखतो म्हणून ती वेळींच डॉक्टरांकडे गेल्याचें दाखवावें. त्या जाण्यानें तिचें आईपण उणें होत नाहीं, हें वाचकाला एका गोष्टींतून पटलें, तर दहा आरोग्यलेखांचे श्रम सार्थकीं लागतील.