यमक आणि वाचन : बालकवितेतील निरर्थकाचे मूल्य

मराठी बालकवितेची समीक्षा प्रामुख्याने संस्कारमूल्य आणि कल्पनारम्यता या दोन अंगांनी झालेली आहे. ज्याला अद्याप वाचता येत नाही, त्याच्यासाठी ही कविता नेमके काय करते, हा प्रश्न मात्र बव्हंशी उपेक्षित राहिला. परिणामी ‘निरर्थक’ हे विशेषण दोषवाचक ठरले आणि केवळ ध्वनीच्या खेळासाठी रचलेल्या पद्याला ‘बडबडगीत’ म्हणून बाजूला सारले गेले.

इंग्रजीत हा खेळ प्रतिष्ठित झाला तो एडवर्ड लिअर यांच्या १८४६ मधील ‘अ बुक ऑफ नॉन्सेन्स’मुळे. लिमरिकच्या पाच ओळींत पहिली, दुसरी व पाचवी एका यमकाने आणि तिसरी व चौथी दुसऱ्या यमकाने बांधलेली असते. लिअर अनेकदा पहिल्या ओळीचेच अंत्यपद शेवटच्या ओळीत पुन्हा योजतात. प्रौढ रसिकाला ही रचनेतील दुर्बलता वाटते. नवशिक्या वाचकाला मात्र ओळखीचा शब्द अपेक्षित जागी पुन्हा भेटतो. एकच वैशिष्ट्य वाचक बदलताच दोषाचे गुण होते, हे समीक्षेने ध्यानात घ्यावयास हवे.

यमकाचा वाचनाशी असलेला संबंध लिनेट ब्रॅडली व पीटर ब्रायंट यांनी १९८३ मध्ये ‘नेचर’मधील शोधनिबंधात मांडला. वाचू न लागलेल्या चार-पाच वर्षांच्या सुमारे चारशे मुलांची ध्वनिसाम्य ओळखण्याची क्षमता त्यांनी तपासली आणि पुढे त्यांच्या वाचनाशी ती ताडून पाहिली. ज्यांचा कान आधी तयार होता, ती मुले वाचनात व शुद्धलेखनात पुढे राहिली. या अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा असूनही क्वचितच उद्धृत होतो : ध्वनींच्या वर्गीकरणाबरोबरच अक्षरेही हाताळावयास दिलेल्या गटाची प्रगती सर्वाधिक होती.

देवनागरीत अक्षराची ही जोड अधिक सुलभ आहे. इंग्रजीत ‘लाइट’ आणि ‘काइट’ कानाला जुळतात, पण त्यांचे लेखन भिन्न असते. ‘गाडी’, ‘वाडी’, ‘माडी’, ‘साडी’ यांत मात्र जे कानाला सारखे लागते तेच डोळ्यालाही सारखे दिसते. बदलते ते केवळ पहिले व्यंजन. शिवाय मराठी पद्याचा ठेका आणखी एक अडचण दूर करतो. बोलताना ‘कमळ’ या शब्दाचे दोनच अवयव ऐकू येतात, कारण अंत्य ‘अ’ लोप पावतो. लिहिताना अक्षरे तीन. अष्टाक्षरीसारख्या छंदात ती तिन्ही मोजली जातात आणि ठेक्यात म्हणताना तो लोपलेला ‘अ’ परत येतो. बोलणे आणि लिहिणे यांतील हे अंतर पद्य सहज भरून काढते.

विंदा करंदीकरांच्या बालकवितेचे श्रेय या दृष्टीने नव्याने पाहता येते. ‘एटू लोकांचा देश’ (१९६३) या शीर्षकातच एक नवनिर्मित शब्द आहे. ‘एटू’ मुलाने पूर्वी ऐकलेला नाही, त्याचा अर्थ संदर्भावरून तर्कता येत नाही. तो अक्षरे जोडूनच वाचावा लागतो. ‘कमळा’चे चित्र पाहून ‘कमळ’ म्हणणारे मूल वाचते आहे की ओळखते आहे, हे सांगणे कठीण. ‘एटू’पाशी हा संशय उरत नाही. निरर्थकाचे मूल्य ते हेच.

तथापि यमक स्वयमेव वाचन शिकवीत नाही. वर्गात कविता समूहस्वरात म्हणून घेतली जाते, त्यानंतर ‘या कवितेतून काय बोध होतो?’ हा प्रश्न येतो आणि पुस्तक मिटते. मुखोद्गत ओळीवर नजर न ठेवता ती म्हणता येते, म्हणून हे पाठांतर झाले, वाचन नव्हे. ओळ फळ्यावर लिहून अंत्यपद झाकले, मुलांना ते यमकावरून तर्कू दिले आणि मग उघडून अक्षरांशी पडताळू दिले, तर कानाने केलेल्या तर्काला डोळ्याचा पुरावा मिळतो.

बोलीचा प्रश्न तरीही उरतो. ज्या घरी ‘पाणी’चा उच्चार ‘पानी’ होतो, तेथील मुलाला ‘पाणी’ व ‘हानी’ यांचे यमक निर्दोष वाटणारच. त्याच्या कानाचा हा निवाडा अचूक आहे. येथे त्याला प्रमाण लेखनातील ‘ण’ तेवढा दाखवावयाचा आहे, त्याचे यमक खोडावयाचे नाही.