छापून आलेल्याचे बक्षीस : खानदेशातील बालकादंबरी आणि स्पर्धेचा परीक्षक

1907 साली जळगावला पहिले महाराष्ट्र कविसंमेलन भरले. धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या सतरा वर्षांच्या आसपासच्या मुलाने तेथे कविता म्हटली आणि अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी त्याला 'बालकवी' ही उपाधी दिली. मुलाच्या नावावर तेव्हा एकही पुस्तक नव्हते. म्हणजे गुणवत्तेची पारख आधी झाली, पुस्तक नंतर आले. खानदेशच्या वाङ्मयीन स्मृतीत हा प्रसंग कौतुकाने जपला गेला आहे. त्यातील हा क्रम मात्र सहसा कोणी लक्षात घेत नाही. मराठी बालकादंबरीच्या आजच्या स्पर्धाव्यवहाराचा विचार करताना नेमका हा क्रमच महत्त्वाचा ठरतो, कारण तो तेथे उलटा झालेला आहे.

महाराष्ट्र शासनाच्या उत्कृष्ट वाङ्मय पुरस्कारांत बालकवितेसाठी बालकवींच्या नावाचा आणि बालकादंबरीसाठी साने गुरुजींच्या नावाचा पुरस्कार आहे. ही दोन्ही नावे खानदेशाशी जोडलेली आहेत. साहित्य अकादमीने 2010 पासून बालसाहित्य पुरस्कार सुरू केला. 2020 चा मराठीसाठीचा पुरस्कार खानदेशातीलच आबा महाजन यांच्या 'आबाची गोष्ट' या संग्रहाला मिळाला, आणि त्यानंतरच्या वर्षी संजय वाघ यांच्या 'जोकर बनला किंगमेकर' या कादंबरीला. तेव्हा या प्रदेशाकडे पाहिले जात नाही, ही तक्रार सरसकट करता येणार नाही. परंतु या सर्व मान्यतांचा विषय छापील पुस्तक हा आहे. शिंदखेड्याच्या किंवा पारोळ्याच्या एखाद्या शिक्षकाने लिहिलेली बालकादंबरी या स्पर्धेत उतरायची, तर तिला आधी प्रकाशक मिळाला पाहिजे. मोठ्या प्रकाशनसंस्था बहुतांशी पुण्यामुंबईत, आणि अनोळखी लेखकाच्या बालकादंबरीबाबत त्या स्वाभाविकपणेच सावध. उरतो तो मार्ग सर्वांना ठाऊक आहे. लेखक पदरचे पैसे घालतो, स्थानिक छापखान्यातून काही प्रती काढतो आणि त्यांतल्या काही प्रवेशिकेसोबत पाठवून देतो. या पुस्तकावर संपादकाचा हात कधीच फिरलेला नसतो. त्याचा पहिला परका वाचक परीक्षक असतो, आणि तोपर्यंत पुस्तकात काहीही बदलण्याची वेळ निघून गेलेली असते.

हस्तलिखितालाच पारखणारी व्यवस्था मराठीला अपरिचित आहे असे नाही. एकोणिसाव्या शतकात दक्षिणा प्राइज कमिटीने ग्रंथांना बक्षिसे देऊन मराठी गद्याला चालना दिली. 1960 साली स्थापन झालेल्या राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना लेखकाच्या पहिल्याच पुस्तकाचे हस्तलिखित मागवते, जाणकारांकडून वाचून घेते आणि पसंत पडल्यास प्रकाशनाला साहाय्य करते. बालवाङ्मयही तिच्या कक्षेत येते. (या मंडळाचे पहिले अध्यक्ष तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांचा जन्म धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरचा, हे जाता जाता नोंदवण्यासारखे.) वास्तविक खानदेशातील नव्या बालकादंबरीकाराला उपयोगी पडू शकेल अशी ही वाट आहे. परंतु समारंभ, सत्कार आणि वृत्तपत्रीय बातमी यांचा झोत पुरस्कारांवर पडतो, अनुदानावर नाही. त्यामुळे लेखकाची महत्त्वाकांक्षाही पुरस्काराच्या दिशेने आकार घेते.

हा आकार संहितेत उतरतो, आणि समीक्षेचा प्रश्न येथे सुरू होतो. बालसाहित्याला दोन वाचक असतात: मूल, आणि मुलाच्या हाती पुस्तक देणारा प्रौढ. जॅकेलिन रोझ यांनी 1984 मध्ये पीटर पॅनच्या निमित्ताने या प्रकारातील प्रौढाच्या वर्चस्वाची कठोर चिकित्सा केली आणि बालकथेतील 'मूल' ही प्रौढाची गरज असल्याचे दाखवले. स्पर्धेमुळे यात तिसरा वाचक मिसळतो. परीक्षक मुलासारखा कंटाळून पुस्तक बाजूला टाकू शकत नाही आणि पालकासारखा ते विकतही घेत नाही. त्याच्यासमोर पुस्तकांचा ढीग असतो आणि त्याला निवडीचे समर्थन करावयाचे असते. समर्थन सर्वांत सोपे कशाचे? आशयाचे. पर्यावरण, अंधश्रद्धानिर्मूलन, वाचनसंस्कार, मोबाइलचे दुष्परिणाम. ज्या कादंबरीचा आशय एका वाक्यात सांगता येतो तिची शिफारस करणे सोयीचे जाते. लेखक हे लवकर ओळखतो. मग शेवटच्या प्रकरणात एखादे आजोबा किंवा गुरुजी येतात आणि तोवरची गोष्ट समजावून सांगतात. ते मुलासाठी आलेले नसतात.

याचा सर्वांत जड भार भाषेवर पडतो. तापी, गिरणा आणि पांझरेच्या काठची मुले घरात अहिराणी, तावडी, लेवा बोली, भिली, पावरी अशा अनेक बोलींत वाढतात. अहिराणी घरात मुलगा 'आंडोर' असतो आणि मुलगी 'आंडेर'. बालकादंबरीत मात्र तो 'बाळ' होतो, ती 'छकुली' होते. प्रौढ कादंबरीने हा संकोच केव्हाच सोडला. यावल तालुक्यातल्या सांगवीच्या भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' 1963 साली आली आणि खानदेशी बोलण्याची लय मराठी कादंबरीच्या मध्यभागी येऊन बसली. पण 'मुलांना कळेल का?' हा प्रश्न बालकादंबरीला आजही त्या वाटेवर पाऊल टाकू देत नाही. धुळ्याच्या मुलाला त्याचीच बोली कळेल का, असा तो प्रश्न नसतोच. परीक्षकाला कळेल का, एवढाच तो असतो, आणि मुलाचे नाव त्याची ढाल म्हणून वापरले जाते.

बोलीबरोबर जगही गळते. साक्री-शिरपूरकडून ऊसतोडीसाठी गुजरातेत जाणाऱ्या कुटुंबांतील मुलांचे अर्धे वर्ष, कापूसवेचणीच्या दिवसांत रिकामा पडणारा वर्ग, केळीच्या बागेत रात्रीच्या पाण्याची पाळी धरणारा बारा वर्षांचा मुलगा. या अनुभवांना उपदेशाची चौकट मानवत नाही, कारण त्यांत चूक मुलाची नसते आणि त्याने सुधारावे असे काही नसते. त्यांना कादंबरीच हवी, आणि तिला हात घालणाऱ्या लेखकाला छापण्याच्या आधी एक जाणता वाचक हवा.

साने गुरुजींचे उदाहरण या संदर्भात अस्वस्थ करणारे आहे. 1924 ते 1930 या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवताना ते छात्रालयातील मुलांसाठी हाताने 'छात्रालय दैनिक' लिहीत. वाचक शेजारच्या खोलीत राहत होते. आवडले की नाही हे त्याच दिवशी कळत होते. फेब्रुवारी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात थोड्याच दिवसांत 'श्यामची आई' लिहून झाली आणि 1935 साली प्रसिद्ध झाली. तीत संस्कार आणि उपदेश भरपूर आहेत, प्रसंगी जास्तही आहेत. तरीही ते परीक्षकाला उद्देशलेले नाहीत, कारण रात्रीमागून रात्री मुलांसमोर बसून सांगितल्याची घडण त्या पुस्तकाच्या मुळाशीच आहे. त्यांच्या नावाच्या पुरस्कारासाठी आज जे लिहिले जाते त्यातून नेमका हा समोर बसलेला श्रोता हरवतो.

स्पर्धा म्हणजेच वाईट, असा याचा अर्थ घेऊ नये. दिल्लीच्या चिल्ड्रन्स बुक ट्रस्टने अप्रकाशित संहितांच्या स्पर्धा घेऊन निवडक पुस्तके स्वतः प्रकाशित केली. त्या मराठीसाठी नव्हत्या, हा भाग वेगळा. अमेरिकेत तेरा वर्षे मोटारींच्या कारखान्यात राबलेल्या ख्रिस्तोफर पॉल कर्टिस यांनी डेलाकोर्ट प्रकाशनाच्या पहिल्या किशोरकादंबरीसाठीच्या स्पर्धेत हस्तलिखित पाठवले. नायक जेमतेम दहा वर्षांचा, त्यामुळे ते त्या स्पर्धेच्या वयोगटात बसत नव्हते, आणि बक्षीसही मिळाले नाही. पण संपादक वेंडी लॅम्ब यांनी ते वाचले होते. बर्मिंगहॅमला निघालेल्या वॉटसन कुटुंबाची ती कादंबरी 1995 मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिला न्यूबेरी सन्मान मिळाला. हरलेल्या संहितेचाही तेथे कोणी तरी वाचक होता. मराठी पुरस्कारव्यवस्थेत हरलेल्या पुस्तकाचे काय होते? ते आधीच छापलेले असते. घरातल्या कपाटात त्याच्या प्रती उरतात, आणि कादंबरी कोठे सैल झाली, कोणते पात्र अपुरे राहिले, हे लेखकाला कोणीही सांगत नाही.

जळगावात 1990 पासून विद्यापीठ आहे, मराठीचे विभाग आहेत, धुळ्याला पुरुषोत्तम पाटलांनी 1985 पासून 'कविता-रती'सारखे नियतकालिक चालवून दाखवले. कवितेला या प्रदेशाने घरातच चोखंदळ संपादक दिला. बालकादंबरीला अजून दिलेला नाही. बालकुमारांसाठी लिहिलेली चार हस्तलिखिते दरवर्षी मागवून, ती अमळनेरच्या किंवा साक्रीच्या एखाद्या सातवीच्या वर्गात मोठ्याने वाचून, मुले कोठे चुळबुळ करतात याची खूण समासात करून लेखकाकडे परत धाडणे, एवढ्या कामाला पुरस्काराच्या रकमेइतका पैसाही लागणार नाही.