देऊळ मोठं झालं, मग कुलपं का आली?

खुनाची किंवा दरोड्याची बातमी फॅमिली ग्रुपवर पडली की तिच्याखाली एक वाक्य हमखास येतं : 'लोकांना देवाची भीतीच राहिली नाही.' कुणीतरी हात जोडल्याचा इमोजी टाकतं आणि विषय संपतो. हे वाक्य इतकं सवयीचं झालंय की तो एक दावा आहे, हे लक्षातच येत नाही. श्रद्धा घटली, म्हणून गुन्हे वाढले. दावा म्हटला की तो तपासता यायला हवा. त्यासाठी उमेश कुलकर्णींचा 'देऊळ' (2011) हा सिनेमा मला फार कामाचा वाटतो, कारण त्यात श्रद्धा घटत नाही. ती बघता बघता वाढत जाते.

गोष्ट बहुतेकांना माहीत असेल. मंगरूळ गावातला केश्या गुरं राखतो. त्याची करडी गाय हरवते आणि तिला शोधता शोधता माळावरच्या उंबराखाली त्याला दत्त दिसतो. गावातले शिकलेसवरलेले अण्णा त्याला समजावतात, की हे मनात ठेव, बोभाटा करू नकोस. अण्णांच्या डोक्यात गावासाठी हॉस्पिटल आहे. पण बोभाटा होतो. पोरं, पत्रकार, पुढारी सगळे त्यात उतरतात, देऊळ उभं राहतं, दुकानं लागतात, पैसा येतो आणि हॉस्पिटल मागे पडतं. शेवटी केश्या मूर्ती उचलतो आणि नदीत सोडून देतो. गाव नवी मूर्ती आणतं.

'श्रद्धेचा बाजार दाखवणारा सिनेमा' अशी याची ओळख करून दिली जाते. ती चुकीची नाही, पण त्यात सिनेमाची सगळ्यात धारदार गोष्ट निसटते. पोलीस ठाण्यात नोंदवता येईल असा ठळक गुन्हा या सिनेमात कोणता? मूर्तीची चोरी. आणि ती कोण करतं? गावातला सगळ्यात भाविक माणूस. उलट ज्यानं गावाचं खरं नुकसान झालं, त्या हॉस्पिटलच्या गळतीची एफआयआर होऊच शकत नाही. ठराव बदलले, प्राधान्य बदललं, सगळं कसं सर्वांच्या संमतीनं. गुन्ह्यांच्या आकडेवारीत मंगरूळ अगदी स्वच्छ गाव दिसेल. फक्त एका चोरीची नोंद, तीही केश्याच्या नावावर.

सिनेमा आला नोव्हेंबर 2011मध्ये. त्यानंतर चार-पाच महिन्यांतच, मार्च 2012मध्ये, रायगड जिल्ह्यातल्या दिवेआगरच्या मंदिरातून सोन्याचा गणपती चोरीला गेला. दोन पहारेकऱ्यांचा जीव गेला आणि मूर्ती वितळवली गेली. तेव्हाही 'देवालासुद्धा सोडलं नाही' अशी हळहळ व्यक्त झाली. ती स्वाभाविकच होती. पण चोरांनी मूर्ती निवडली ती सोन्यासाठी. त्यांची श्रद्धा किती होती, हे त्या चोरीवरून मोजता येत नाही, जसं केश्याच्या चोरीवरून त्याला नास्तिक म्हणता येत नाही.

आता दाव्याच्या बाजूचं सगळ्यात भक्कम उदाहरण घेऊ. नेवासा तालुक्यातलं शनी शिंगणापूर. तिथल्या घरांना दारं नाहीत, कुलपं नाहीत, कारण चोरी केली तर शनिदेव शिक्षा देतो, अशी श्रद्धा. यूको बँकेनं 2011मध्ये तिथं शाखा उघडली, तीसुद्धा 'बिनकुलपाची' म्हणून गाजली. देवाची भीती माणसाला चोरीपासून रोखते, याचा याहून मोठा पुरावा कुठला?

पण त्याच गावाचा पुढचा हिशोब बघा. 2010 आणि 2011मध्ये बाहेरून आलेल्या भक्तांनी चोरीच्या तक्रारी केल्या. 2015मध्ये गावाला स्वतःचं पोलीस ठाणं मिळालं. 2025मध्ये देवस्थानाच्या नावाची बनावट अ‍ॅप्स काढून ऑनलाइन पूजेचे पैसे उकळल्याचं प्रकरण थेट विधानसभेत पोहोचलं. या सगळ्या काळात शनीवरची श्रद्धा घटली का? उलट गर्दी वाढतच गेली. आणि अ‍ॅपवर पैसे भरणारे लोक भाविक होते म्हणूनच तर फसले. फसवणुकीला लागणारा विश्वास श्रद्धेनं आयता पुरवला होता.

मग कुलपाशिवाय ते गाव इतकी वर्षं चाललं कसं? माझं उत्तर असं आहे : लहान गावात कोण कुणाच्या घरात शिरलं, हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं. चोरलेली वस्तू वापरायची कुठे आणि विकायची कुणाला? शनीची भीती होतीच, पण त्या भीतीला गावाच्या नजरेची जोड होती. रोज हजारो अनोळखी माणसं येऊ लागली, तेव्हा देव तोच राहिला, नजर पुरेनाशी झाली. आम्ही सॉफ्टवेअरवाले कोण, कधी, कुठल्या डेटाला हात लावून गेलं याची नोंद ठेवतो. टीममधले लोक बदमाश असतात म्हणून नव्हे, तर ओळखीच्या पाच जणांवर चालणारा विश्वास पाचशे जणांवर चालत नाही म्हणून.

इथे दुसरी बाजू सांगायला हवी, कारण ती पोकळ नाही. अझीम शरीफ आणि मायके रेमटुला या मानसशास्त्रज्ञांनी 2012मध्ये 67 देशांच्या माहितीवरून एक अभ्यास प्रसिद्ध केला. नरकावर विश्वास जास्त असलेल्या देशांत गुन्हे कमी आढळले, स्वर्गावर विश्वास जास्त असलेल्या देशांत जास्त. म्हणजे शिक्षा करणाऱ्या देवाची भीती काहीतरी काम करत असावी. पण यातही 'श्रद्धा' नावाची एकच गोष्ट उरत नाही. क्षमा करणारा देव आणि शिक्षा करणारा देव यांचे परिणाम उलटे दिसतात. शिवाय दोन आकडे सोबत हलले म्हणून एकानं दुसऱ्याला हलवलं, असं सिद्ध होत नाही.

आणि काळाच्या ओघात तर आकडे दाव्याच्या विरुद्धच जातात. अमेरिकेत 1999मध्ये साधारण 70 टक्के लोक कुठल्या ना कुठल्या चर्चचे, सिनेगॉगचे किंवा मशिदीचे सदस्य होते. 2020मध्ये ते प्रमाण 47 टक्क्यांवर आलं. खुनांचं प्रमाण 1991मध्ये लाखामागे जवळपास 10 होतं, 2014मध्ये ते निम्म्याहून कमी झालं. 2020मध्ये खून एकदम वाढले, पण एका वर्षात देश नास्तिक झाला, असं कुणी म्हणणार नाही. यावरून 'श्रद्धा घटली की गुन्हे घटतात' असं म्हणणंही तितकंच चुकीचं ठरेल. एवढंच म्हणता येतं, की गुन्ह्यांची कारणं देवघरात शोधून पुरत नाहीत.

'देऊळ' इथपर्यंत आपल्याला आणतो, पण एका ठिकाणी हात आखडता घेतो. त्यानं केश्याची श्रद्धा अगदी निर्मळ ठेवली आणि बाकीच्यांना बाजाराच्या बाजूला उभं केलं. त्यामुळे प्रेक्षक सुटतो. 'खरी श्रद्धा असती तर असं झालं नसतं' असं म्हणत तो घरी जाऊ शकतो, आणि आपला फॅमिली ग्रुपवाला दावा शाबूत राहतो. पण जमिनीला भाव आल्यावर हात जोडणारा, हार विकता विकता दत्ताला मनापासून नमस्कार करणारा माणूस ढोंगीच असतो असं नाही. त्याची श्रद्धा खरी असू शकते आणि हॉस्पिटल गेल्याचं त्याला काहीच वाटत नाही, हेही खरं असू शकतं. या माणसापाशी कॅमेरा थोडा जास्त थांबला असता, तर सिनेमा अधिक अस्वस्थ करणारा झाला असता.

हा वाद हवेतला नाही. 'देवाची भीती राहिली नाही' असं म्हटलं की दोष नेहमी नव्या पिढीवर, शहरावर किंवा देव न मानणाऱ्यांवर जातो, आणि जो रोज पूजा करतो तो आपोआप चौकशीतून सुटतो. देवस्थानाचा हिशोब मागणारा माणूस धर्मद्रोही ठरतो. बनावट अ‍ॅप काढणाऱ्याला नेमकी हीच हवा लागते. मंगरुळात हॉस्पिटलचं काय झालं, हे ग्रामसभेत उभं राहून विचारणारी चार माणसं असती, तर केश्याला मूर्ती चोरावी लागली नसती. ती चार माणसं देव मानणारी होती की नव्हती, यानं फार फरक पडला नसता.