‘मध्यम’ म्हणजे किती?

न्यूयॉर्क राज्यात एके काळी किती तऱ्हांची सफरचंदे पिकत होती, हे पाहायचे तर एस. ए. बीच यांचा ‘द ॲपल्स ऑफ न्यूयॉर्क’ हा ग्रंथ उघडावा. जिनीव्हा येथील राज्य कृषी प्रयोगकेंद्रात झालेल्या कामातून तो १९०५ साली दोन खंडांत निघाला. शंभरहून अधिक वर्षे लोटली तरी तो वाचनीय आहे. आणि त्याच्या गुणांइतक्याच त्याच्या उणिवाही शिक्षकाला उपयोगी आहेत.

ग्रंथाचा मोठा गुण म्हणजे निरीक्षणाची शिस्त. झाडाची ठेवण, फळाचे आकारमान व आकार, देठ, देठापाशी असलेली खळी, खालच्या टोकाला सुकून राहिलेली निदले, साल, तिच्यावरचे ठिपके, गर, गाभा, बिया या साऱ्यांची नोंद ठरावीक क्रमाने येते. एकाच वाणाची ठिकठिकाणची वेगळी नावेही दिली आहेत. जोडीला सुरेख रंगीत चित्रे आहेत.

अशा वर्णनाला अर्थ येतो तो कलमांमुळे. सफरचंदाच्या फुलाला बहुधा दुसऱ्या वाणाचे पराग लागतात. म्हणून बी पेरून उगवलेले झाड आईसारखे निघत नाही. आपल्या हापूसप्रमाणेच सफरचंदाचे वाणही कलमांनीच टिकते. ‘बाल्डविन’ची सारी झाडे अठराव्या शतकात मॅसॅच्युसेट्समध्ये सापडलेल्या एका झाडापासून आली. मग दोन गावांतल्या बाल्डविन फळांत फरक दिसला, तर तो मुख्यतः माती, हवा, ऊन, खुंट यांचा मानावा लागेल. उलट एकाच बागेत, सारख्याच खुंटावरच्या बाल्डविन आणि ‘नॉर्दर्न स्पाय’ यांच्यात नेहमी दिसणारा फरक मुख्यतः आनुवंशिक. बागायतदारांनी नकळत मांडून ठेवलेला हा प्रयोगच आहे!

येथेच ग्रंथ तोकडा पडतो. फळ ‘मध्यम ते मोठे’, देठ ‘आखूड ते मध्यम’, असे शब्द पानोपानी येतात. पण मध्यम म्हणजे किती? एका वाणातली फळे आपापसांत किती बदलतात आणि दोन वाणांतले अंतर किती, याची तुलना शब्दांनी होत नाही. आणि ती झाल्याशिवाय कोणते लक्षण ओळखीसाठी भरवशाचे, हे ठरवता येत नाही. आकारमान झाडावरच्या फळांच्या संख्येप्रमाणे बदलते. रंग उन्हाने बदलतो. शिवाय ‘डेलिशस’सारख्या वाणात एखाद्या फांदीवर उत्परिवर्तन होऊन अधिक लाल फळेही येतात. उंची व रुंदी यांचे गुणोत्तर त्यापेक्षा बरे. पण फुलोऱ्यानंतर हवा थंड राहिली तर डेलिशसचे फळ लांबट होते. म्हणजे मोजमापालाही जागा आणि वर्ष यांची नोंद हवीच.

तरीही हा ग्रंथ कालबाह्य म्हणून बाजूला ठेवता येणार नाही. डीएनए तपासणीने दोन झाडे एकाच वाणाची आहेत की नाहीत, हे आज सांगता येते. पण जुन्या बागेत उरलेल्या झाडाचा जुळणारा नमुना कोणत्याच संग्रहात नसेल, तर त्याचे नाव शोधायला अशी वर्णनेच लागतात.

वर्गात हे सहज करून पाहता येईल. बाजारातून दोन वाणांची दहा-दहा फळे आणा. आधी विद्यार्थ्यांना फक्त शब्दांत वर्णन लिहू द्या. मग उंची, रुंदी, देठाची लांबी मिलिमीटरमध्ये मोजून आलेख काढा. दोन आलेख कोठे एकमेकांवर येतात आणि कोठे वेगळे राहतात, हे पाहिले की ग्रंथाचे मोल आणि त्याची मर्यादा, दोन्ही विद्यार्थ्यांना कळतील.