रिसालच्या निरोपगीताचा अर्थ

होसे रिसाल याला स्पॅनिश राजवटीने ३० डिसेंबर १८९६ रोजी मनिला येथे गोळ्या घातल्या. तत्पूर्वी बंदिवासात त्याने रचलेली चौदा कडव्यांची स्पॅनिश कविता स्पिरिटच्या एका लहान शेगडीत दडवून त्याच्या घरच्या माणसांपर्यंत पोहोचली. तिला शीर्षक नव्हते. ‘मी उल्तिमो आदिओस’, म्हणजे ‘माझा अखेरचा निरोप’, हे रूढ नाव मागाहूनचे आहे. १८९७ साली हाँगकाँगमध्ये ती छापताना मारिआनो पोन्से याने तिला ‘माझा अखेरचा विचार’ असे म्हटले होते.

निरोपाच्या काव्यात सामान्यतः देश मागे राहतो व कवी दूर जातो. सावरकरांची १९०९ मधील ब्रायटनची कविता निरोपाची नव्हे, परतीच्या ओढीची. तथापि तिच्यातही देश आणि कवी यांच्यामध्ये सागर आहेच. रिसालच्या कवितेत असे अंतर नाही. ज्या भूमीचा निरोप घ्यावयाचा तिच्यातच त्याला पुरले जाणार आहे. आरंभ निरोपाच्या शब्दाने होतो खरा. पण पुढे कवी आपल्या थडग्यावर उगवणाऱ्या फुलाविषयी, चांदण्याविषयी, पाखराविषयी बोलतो, आणि अखेर ते थडगेही विस्मृतीत जावे, त्यावर नांगर फिरावा, आपली राख मातीत मिसळावी, असे मागतो. मग तो नाद, गंध व रंग होऊन देशात वावरणार आहे. हा निरोप नसून प्रवेश आहे, असेच म्हणावे लागते. जेथे गुलाम नाहीत व जल्लाद नाहीत अशा ईश्वराच्या राज्यात आपण जात आहो, असे तो शेवटी म्हणतो, हे खरे. या दोन गतींचा मेळ कवीने घातलेला नाही. परंतु मातीला त्याने कितीतरी अधिक कडवी दिली आहेत.

खरा वाद दुसऱ्या कडव्याचा आहे. १५ डिसेंबर रोजी रिसालने चालू उठावाचा निषेध करणारे निवेदन लिहिले होते. या कडव्यात मात्र रणांगणावर निःशंकपणे प्राण देणाऱ्यांचे स्मरण आहे आणि वधस्तंभ असो वा रणभूमी, स्थळाने भेद होत नाही, असा अभिप्राय आहे. निवेदनातील राजकीय मत येथे मागे घेतलेले नाही; पण ज्यांचा मार्ग त्याला अमान्य होता त्यांच्या मरणाला त्याने आपल्या मरणाच्या पंक्तीस बसविले आहे. उठावाचा नेता आंद्रेस बोनिफासिओ याच्या नावे या कवितेचे तागालोग भाषांतर प्रसिद्ध आहे, यात म्हणूनच विसंगती दिसत नाही.