मतांगीकारातील 'मी' : मराठी ख्रिस्ती उपासनेच्या संदर्भात

ख्रिस्ती उपासनेत श्रद्धेचा जाहीर उच्चार ज्या संहितेने केला जातो, तिला मराठीत 'मतांगीकार' असे म्हटले जाते. हा शब्द अर्थदृष्ट्या अपुरा आहे. मत बुद्धीने स्वीकारले जाते आणि वादात बदलतेही. लॅटिन संहितेच्या आरंभीचे 'क्रेदो' हे क्रियापद आणि संस्कृत 'श्रद्धा' यांचे मूळ भाषाशास्त्र एकच मानते. इतका जवळचा शब्द घरातच असताना भाषांतरकारांनी 'मत' निवडावे, हे नवलच होय.

अर्थात, या निवडीला इतिहासाचा आधार नाही असे नाही. ख्रिस्त हा निर्मित आहे, या एरियसच्या प्रतिपादनाचा निषेध करण्यासाठी इ. स. 325 मध्ये निकेया येथील धर्मपरिषदेने आपली संहिता सिद्ध केली. ती वादातून जन्मली असून तिचा कर्ता 'आम्ही' आहे. प्रेषितांचा मतांगीकार मात्र रोममधील बाप्तिस्माविधीतून वाढला. पाण्यात उतरलेल्या व्यक्तीला प्रश्न विचारले जात व तिने स्वतः उत्तर द्यावयाचे असे. म्हणून तेथे 'मी' आहे. हाच 'मी' आज सारी मंडळी एका स्वरात उच्चारते.

अनेकांच्या मुखातील असा 'मी' मराठी मनाला अपरिचित नाही. परभणी जिल्ह्यातील गंगाखेड ही परंपरेने संत जनाबाईंची जन्मभूमी. 'नामयाची जनी' ही नाममुद्रा दिंडीतील शेकडो कंठांतून उमटते, तेव्हा गाणारा प्रत्येकजण जनाबाईंच्या अनुभवाला आपला आवाज देतो. त्या अनुभवाची हमी मात्र त्याला द्यावी लागत नाही. मतांगीकार म्हणणाऱ्याला ती स्वतःच्या नावाने द्यावी लागते. भक्तिपरंपरा आणि चर्च यांच्यातील खरे अंतर येथे आहे. टाळ-मृदंग तर चर्चमध्ये केव्हाच आले.

हे अंतर रेव्हरंड ना. वा. टिळकांनी स्वतःच्या आयुष्यात ओलांडले. तुकोबांच्या अभंगांवर वाढलेल्या या कवीने 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पुढे 1917 मध्ये त्यांनी स्थापिलेल्या 'देवाचा दरबार' या संघात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही स्थान होते. यास सिद्धान्तातील शिथिलता म्हणणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. स्वतः दिलेले उत्तर टिळकांनी कधी मागे घेतले नाही. इतरांनी ते दिल्यावाचून त्यांना दारातून परत पाठविण्याचे मात्र त्यांनी नाकारले. तथापि ज्या प्रश्नातून मतांगीकार जन्मला, तो प्रश्नच न विचारणारा संघ पुढील पिढीत कशावर उभा राहिला असता, ही शंका उरतेच. 1919 मध्ये टिळकांचे निधन झाल्याने दरबाराला ती कसोटी द्यावी लागली नाही.

1970 मध्ये नागपूर येथे स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाने प्रेषितांचा आणि निकेयाचा असे दोन्ही मतांगीकार मान्य केले. टिळकांची भजनेही मराठी मंडळ्यांतून गाइली जातात. एकाच उपासनेत मंडळी आधी टिळकांचा 'मी' उसना घेते आणि मग उभी राहून आपला 'मी' उच्चारते.